भेट आणि सोबत : फ्लूच्या मोसमातील हॉस्पिटलचे नियम

थंडी सुरू झाली की अमेरिकेतील बऱ्याच हॉस्पिटलांच्या दारावर एक पाटी लागते. मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच असतो. ताप, खोकला किंवा घसा दुखत असल्यास आत येऊ नये. एका रुग्णापाशी एका वेळी दोनच माणसे. लहान मुलांना प्रवेश नाही. हात धुवून, मास्क लावून आत जावे. मुलांच्या वयाची अट कुठे बारा, कुठे सोळा, तर कुठे अठरा. साथ जोरात असेल तर दोनाचे एक होते.

ही पाटी आपल्या मंडळींच्या जरा जिव्हारी लागते. आपल्याकडे एखाद्याच्या लग्नाला जाता आले नाही तर चालते, पण आजारपणात जायलाच हवे, अशी शिकवण आहे. कोण भेटून गेले आणि कोण फिरकले नाही, हे वर्षानुवर्षे लक्षात राहते. त्यात इथे सख्खे नातेवाईक हजारो मैलांवर, म्हणून मंडळातील मित्रपरिवार हेच आपले गणगोत. कुणाची बायपास झाली, कुणाकडे बाळ आले, की शनिवारी दुपारी दोन-तीन गाड्या भरून माणसे निघतात. खालच्या टेबलाशी "फक्त दोघांनाच सोडू" असे ऐकले की काहींना अपमान वाटतो, काही वाद घालतात, आणि काही जण मागच्या लिफ्टने वर जाण्याची वाट शोधतात.

हे नियम का असतात, त्यांतही आपले कोणते हक्क शाबूत राहतात, आणि घरातल्या घरात आधी काय ठरवून ठेवावे, याची माहिती या लेखात दिली आहे. लेखाचा सारांश एका वाक्यात सांगायचा तर, "भेट" आणि "सोबत" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॉस्पिटलचे बंधन मुख्यतः भेटीवर असते. सोबतीची जागा बहुतेक वेळा शिल्लक असते. ती जागा कुणी घ्यायची, हे आपण ठरवायचे असते.

नियम कशासाठी?

फ्लू म्हणजे साधी सर्दी नव्हे. अमेरिकेत फ्लूचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मे असतो आणि बहुतेक वर्षी त्याचा जोर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात असतो. म्हणजे आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमानंतर चढत जाणारा आणि संक्रांतीच्या तिळगुळाच्या सुमारास ऐन भरात असणारा हा आजार आहे. सीडीसी या सरकारी संस्थेच्या अंदाजानुसार २०१० ते २०२० या दहा वर्षांत दरवर्षी १ लाख ४० हजार ते ७ लाख १० हजार लोकांना फ्लूमुळे हॉस्पिटलात दाखल व्हावे लागले, आणि १२ हजार ते ५२ हजार लोक दगावले. यातला वरचा आकडा २०१७-१८ च्या हिवाळ्याचा आहे. त्या वर्षी अनेक हॉस्पिटलांनी भेटीवर कडक बंधने घातली होती. त्याआधी २००९ च्या स्वाइन फ्लूत हेच झाले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा आणि चित्रपटगृहे बंद ठेवावी लागली होती, आणि नायडू हॉस्पिटलापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या, हे पुणेकरांना आठवत असेल. २०२० साली कोविडच्या काळात तर कित्येक ठिकाणी दारच बंद झाले.

"पण मी ठणठणीत आहे, मला का अडवता?" असे आपण विचारतो. याचे उत्तर फ्लूच्या चालीत आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत, सरासरी दोन दिवसांत, माणूस आजारी पडतो. मात्र लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच तो इतरांना आजार देऊ शकतो, आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. म्हणजे आज ठणठणीत वाटणारा माणूस उद्या अंथरुणाला खिळू शकतो, आणि आज दुपारी त्याने रुग्णाच्या उशाशी बसून तासभर गप्पा मारलेल्या असतात. दारावरच्या तपासणीत असा माणूस सापडत नाही. म्हणून हॉस्पिटलच्या हाती एकच उपाय उरतो, तो म्हणजे माणसांची संख्या कमी करणे. खोलीत दोघे आले तर धोका दोघांपुरता, आठ जण आले तर आठ जणांचा.

शिवाय हा विषाणू कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर ४८ तासांपर्यंत टिकू शकतो. पलंगाचा कठडा, टीव्हीचा रिमोट, दाराची मूठ, फोन या सगळ्यांना भेटायला आलेल्या प्रत्येकाचा हात लागतो.

आपला रुग्ण पाय मोडून आलेला असेल, पण शेजारच्या खोलीत केमोथेरपी घेणारा किंवा किडनी बदललेला माणूस असू शकतो, आणि दोघांची नर्स एकच असते. हृदयरोग्यांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहायला हवे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झालेला एक अभ्यास २०१८ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. फ्लू झाल्याचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे सहापट वाढते, असे त्यात आढळले. आपल्या लोकांत हृदयविकार किती आहे, हे सांगायला नको. बायपास झालेल्या माणसाला आपली एक शिंक किती महागात पडू शकते, याची यावरून कल्पना यावी.

एक गोष्ट स्पष्टच सांगितलेली बरी. अंगात कणकण असताना क्रोसिन किंवा टायलेनॉल घेऊन, ताप उतरवून भेटायला जाणे हा उपाय नव्हे. त्याने थर्मामीटर फसतो, विषाणू फसत नाही. औषध न घेता पूर्ण २४ तास ताप आलेला नसेल आणि एकूण बरे वाटू लागले असेल, तोपर्यंत हॉस्पिटलची वाट धरू नये. त्यानंतरही काही दिवस लांब राहिलेले चांगले. म्हाताऱ्या माणसांना फ्लू झाला तरी कित्येकदा ताप येतच नाही. नुसता अशक्तपणा, खोकला किंवा गोंधळल्यासारखे वाटणे, एवढेच दिसते. म्हणून "आजोबांना ताप नाही" एवढ्यावर भागत नाही.

मुलांना का नको?

"नातवाला पाहिले की आजोबांना बरे वाटेल," हे खरेच आहे. पण शाळा आणि डे केअर ही फ्लू पसरण्याची मोठी केंद्रे आहेत. लहान मुलांना फ्लू लवकर होतो, ती मोठ्यांपेक्षा जास्त दिवस विषाणू पसरवू शकतात, आणि दिसेल त्या वस्तूला हात लावून तोच हात तोंडात घालतात. मास्क नीट लावून तासभर स्वस्थ बसणे हे चार वर्षांच्या मुलाकडून होणे नाही. शिवाय हॉस्पिटलातला आजार मुलांनी घरी आणण्याचाही संभव असतोच. तेव्हा नातवाचे चित्र आजोबांच्या पलंगासमोर चिकटवावे आणि संध्याकाळी फोनवर व्हिडिओ लावून द्यावा.

भेट वेगळी, सोबत वेगळी

भारतात रुग्णापाशी घरचे कुणीतरी सतत बसलेले असते. औषधे आणणे, पाणी देणे, कूस बदलणे, सलाइन संपत आले की सिस्टरला हाक मारणे ही त्याचीच कामे असतात. इथे ही कामे नर्स आणि त्यांचे मदतनीस करतात. म्हणून काहींना वाटते की इथे घरच्या माणसाचे काम फक्त भेटण्याचे. प्रत्यक्षात इथेही जवळच्या माणसाला महत्त्वाचे काम आहे, फक्त ते वेगळे आहे. डॉक्टर फेरीला आले की ऐकणे आणि लिहून घेणे. रुग्ण घरी कोणती औषधे घेतो, भारतातून आणलेली आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथिक धरून, ते खरेखरे सांगणे. जेवण का जात नाही ते कळवणे. रात्री आई गोंधळली तर तिला तिच्या भाषेत धीर देणे. घरी सोडताना दिलेल्या सूचना समजून घेणे. ही सोबत. यासाठी एक माणूस पुरतो, पण तो योग्य हवा.

आपल्याकडे घोटाळा होतो तो नेमका इथे. दोनच माणसांना परवानगी असली की मान पाहिला जातो. मोठे काका पाच तास गाडी चालवून आलेत, त्यांना कसे नाही म्हणायचे? मग काका आत, वहिनी आत, आणि औषधांची यादी जिला पाठ आहे ती सून खाली कॉफीच्या मशीनपाशी उभी. तेवढ्यात वर डॉक्टर येऊन जातात.

म्हणून माणूस नात्याच्या पायरीवरून ठरवू नये, कामावरून ठरवावा. पुढील चार प्रश्न विचारावेत.

१. रुग्णाची औषधे आणि पूर्वीचे आजार कुणाला नीट ठाऊक आहेत?
२. डॉक्टरांशी इंग्रजीत आणि रुग्णाशी मराठीत, दोन्हीकडे मोकळेपणी कोण बोलू शकतो?
३. कुणाची प्रकृती चांगली आहे, लस झालेली आहे, आणि घरात कुणी आजारी नाही?
४. रुग्णाला स्वतःला कोण हवे आहे?

चौथा प्रश्न विचारायला आपण विसरतो. बाईमाणसाला अंग पुसण्याच्या वेळी मुलापेक्षा मुलगी किंवा बहीण जवळ हवी असते, पण विचारल्याशिवाय ती सांगत नाही.

एक मुख्य आणि एक बदली, अशी दोन नावे घरात ठरवून ठेवावीत. मुख्य माणसालाच खोकला झाला तर बदलीने जायचे. काकांचा मान राखण्याचे इतर मार्ग आहेत, ते पुढे दिले आहेत.

कायदा काय म्हणतो?

हॉस्पिटल मनाला येईल तसे नियम करू शकत नाही. १५ एप्रिल २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी काढलेल्या निर्देशानुसार केंद्र सरकारने नियम केले, आणि ते १८ जानेवारी २०११ पासून लागू झाले. मेडिकेअर आणि मेडिकेड स्वीकारणाऱ्या सर्व हॉस्पिटलांना, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच, ते लागू आहेत. त्यांतील मुख्य गोष्टी अशा :

भेटीचे धोरण लेखी असले पाहिजे. त्यातील बंधने वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक किंवा वाजवी असली पाहिजेत, आणि त्यांची कारणे दिलेली असली पाहिजेत. रुग्णाला हे हक्क आणि बंधने कळवली पाहिजेत. त्या मर्यादेत कुणाला भेटायचे हे रुग्ण ठरवतो. पती-पत्नी, नातेवाईक किंवा नुसता मित्रसुद्धा चालतो, आणि नको असलेल्याला नकारही देता येतो. वंश, वर्ण, मूळ देश, धर्म वगैरे कारणांवरून भेदभाव करता येत नाही.

मंडळातील मैत्रीण "सख्खी नाही" म्हणून तिला कुणी परत पाठवत असेल, तर रुग्णाने तिचे नाव सांगितले आहे एवढे पुरते. हा हक्क फक्त मेडिकेअरवाल्यांचा नाही. व्हिजिटर इन्शुरन्सवर आलेल्या आईवडिलांनाही तो आहे.

याचा अर्थ फ्लूच्या मोसमातले बंधन बेकायदा आहे असा मुळीच नाही. साथीच्या काळात ते वाजवीच ठरते. पण "का?" असे नम्रपणे विचारण्याचा आणि धोरणाची लेखी प्रत मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. दारावरच्या सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो, कारण त्याच्या हाती काही नसते. आधी वॉर्डातल्या नर्सशी, मग चार्ज नर्सशी, मग नर्सिंग सुपरवायझरशी बोलावे. तरीही प्रश्न न सुटल्यास "पेशंट अ‍ॅडव्होकेट" किंवा "पेशंट रिलेशन्स" या विभागाकडे जावे. तक्रार ऐकून घेण्याची व्यवस्था ठेवणे हॉस्पिटलवर बंधनकारक आहे.

आईला इंग्रजी येत नाही

सोबतीचा माणूस चोवीस तास बसू शकत नाही, आणि कधी त्यालाही प्रवेश मिळत नाही. अशा वेळी आई एकटी असते आणि आजूबाजूला सगळे इंग्रजी. इथे लक्षात ठेवायचे ते असे की केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलने रुग्णाला दुभाषा विनामूल्य पुरवायचा असतो. नागरी हक्कांचा १९६४ चा कायदा आणि अ‍ॅफोर्डेबल केअर अ‍ॅक्टचे कलम १५५७ यांचा हा आधार आहे. "तुमचा माणूस तुम्हीच आणा" असे हॉस्पिटलला म्हणता येत नाही, आणि तातडीचा प्रसंग सोडला तर घरच्या लहान मुलांकडून भाषांतर करून घेता येत नाही.

बहुधा हा दुभाषा फोनवर किंवा व्हिडिओवर असतो. दाखल होतानाच "मराठी दुभाषा लागेल" अशी नोंद करायला सांगावी. "हिंदी चालेल का?" असे विचारतील. आईला हिंदी सिनेमा समजतो, पण छातीत नेमके कसे दुखते हे तिला हिंदीत सांगता येईलच असे नाही. तिला मराठीच हवी असेल तर तसे स्पष्ट सांगावे. एका कागदावर "दुखते", "पाणी", "बाथरूम", "थंडी वाजते", "मुलाला फोन करा" असे पाच-सहा शब्द मराठी आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाशी ठेवले, तर त्याचा फार उपयोग होतो.

दाखल होण्याआधीचे कागद

आत जाता येणार नसेल तर फोनवर तरी माहिती मिळाली पाहिजे. त्यासाठी कुणाकुणाला माहिती द्यावी हे रुग्णाने नर्सला सांगून नोंदवून घ्यावे. काही वॉर्डांत यासाठी परवलीचा शब्द किंवा आकडा देतात. तो एकाच माणसाने जपावा.

दुसरा कागद त्याहून महत्त्वाचा. रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल तर कुणी घ्यावा, हे लिहून देणारा "हेल्थ केअर प्रॉक्सी" किंवा "मेडिकल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी". त्याचे नाव आणि नमुना राज्याराज्यांत वेगळा असतो. डिसेंबर १९९१ पासून लागू असलेल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे हॉस्पिटलने दाखल होणाऱ्या प्रौढ रुग्णाला या कागदांची माहिती द्यावी लागते. पण तापाने फणफणलेल्या माणसाने दाखल होताना सह्या करण्यापेक्षा, रविवारी दुपारी घरच्या टेबलाशी बसून त्या केलेल्या बऱ्या.

अपवाद कुठे मागावेत?

जवळजवळ प्रत्येक हॉस्पिटलच्या धोरणात काही अपवाद असतात. दाखल असलेल्या मुलाजवळ आईवडील, बाळंतिणीजवळ तिचा सोबती, आणि अखेरच्या घटका मोजणाऱ्या माणसाजवळ घरचे. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा अपंगत्वामुळे स्वतःचे म्हणणे मांडू न शकणाऱ्या रुग्णाला मदतीचा माणूस लागतो. कोविडच्या काळात जून २०२० मध्ये कनेटिकट राज्याबाबतच्या तक्रारींनंतर केंद्रीय आरोग्य खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने तडजोड घडवून आणली, आणि अशा रुग्णांना मदतीचा माणूस मिळण्याची व्यवस्था तिथे झाली. आपल्या वडिलांना विस्मरण असेल तर "व्हिजिटर" हा शब्द न वापरता "सपोर्ट पर्सन" हवा आहे असे म्हणावे, आणि डॉक्टरांना तशी नोंद करायला सांगावी.

अखेरच्या वेळेबद्दल बोलायला आपण कचरतो. पण डॉक्टरांनी आशा नसल्याचे सूचित केले, तर त्याच वेळी विचारावे: "आता किती जणांना येता येईल? रात्री येता येईल का? भारतातून मुलगा निघाला आहे, तो पोचेपर्यंत काय करता येईल?" तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजलाचा थेंब घालण्याची इच्छा असेल तर तेही आधीच सांगावे. रुग्णाला गिळता येते की नाही, हे पाहून नर्स मार्ग सुचवते. ऑक्सिजन चालू असताना निरांजन किंवा उदबत्ती लावता येत नाही, पण स्तोत्र हळू आवाजात लावून ठेवायला बहुधा कुणी हरकत घेत नाही. विचारले तर पुष्कळ मिळते. शेवटच्या तासाला धावपळ करण्यापेक्षा आदल्या दिवशी विचारलेले चांगले.

बाळ आणि भारतातून आलेले आजी-आजोबा

आपल्याकडची अगदी नेहमीची परिस्थिती म्हणजे जानेवारीतले बाळंतपण आणि त्यासाठी भारतातून आलेले आजी-आजोबा. सहा महिन्यांखालील बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्याचे रक्षण भोवतालच्या माणसांनी करायचे असते. आईने गरोदरपणात लस घेतली तर तिची प्रतिकारशक्ती बाळाला मिळते. डांग्या खोकल्याची टीडॅप ही लस गरोदरपणाच्या २७ ते ३६ व्या आठवड्यात घेतात. आजी-आजोबांनीही टीडॅप पूर्वी घेतली नसेल तर बाळाला भेटण्याआधी किमान दोन आठवडे घ्यावी. लहान बाळांना फार त्रास देणाऱ्या आरएसव्ही या विषाणूवर २०२३ पासून दोन उपाय उपलब्ध आहेत. एक तर आईला लस द्यायची, किंवा बाळाला प्रतिद्रव्याचे इंजेक्शन द्यायचे. आपल्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारावे.

लांबच्या विमानप्रवासात शेकडो लोकांचा सहवास होतो, आणि फ्लू दिसायला चार दिवस लागू शकतात. आजी-आजोबा बाळंतपणाच्या तोंडावरच आले असतील, तर पहिले चार दिवस त्यांनी बाळाजवळ मास्क लावावा. बाळाचे पापे घेऊ नयेत, हे घरातील सर्वांनाच लागू. ऐन साथीत बाराव्या दिवशी चाळीस माणसे बोलावून बारसे करण्याऐवजी त्या दिवशी घरच्या घरी नाव ठेवावे आणि पाहुण्यांचे जेवण वसंत ऋतूत करावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर तो घरी सांभाळण्याचा ताप नव्हे. ताबडतोब डॉक्टरांना फोन करावा. अशा बाळाला कित्येकदा रक्ताच्या तपासण्यांसाठी हॉस्पिटलात ठेवावे लागते. पाहुण्यांना थोपवायचे कारण हेच आहे.

लस, खर्च आणि रजा

लस घेतल्यावर तिचा परिणाम व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून दिवाळीचा फराळ करायला घेण्याआधी ती घेऊन टाकावी, हे सोपे पंचांग. ६५ वर्षांवरील लोकांसाठी सीडीसीच्या सल्लागार समितीने जून २०२२ मध्ये तीन लसींना पसंती दिली: फ्लूझोन हाय-डोस, फ्लूअ‍ॅड आणि फ्लूब्लॉक. फ्लूच्या बऱ्याच लसी कोंबडीच्या अंड्यांत तयार होतात. फ्लूब्लॉकमध्ये अंडे नसते, पण ती प्रयोगशाळेत वाढवलेल्या कीटकपेशींत तयार होते. कडक शाकाहारी मंडळींनी हे जाणून आपापला निर्णय घ्यावा. मुलांना सहा महिन्यांनंतर दरवर्षी लस द्यावी, असे अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे सांगणे आहे. आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला पहिल्यांदाच देत असल्यास चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. भारतात मागील वर्षी घेतलेली लस या मोसमाला पुरत नाही.

मेडिकेअर पार्ट बी असणाऱ्यांना मोसमातून एकदा ही लस विनामूल्य मिळते. बहुतेक खाजगी इन्शुरन्समध्येही ती नेटवर्कमध्ये घेतल्यास पैसे पडत नाहीत. व्हिजिटर इन्शुरन्समधून मात्र प्रतिबंधक लसींचा खर्च सहसा मिळत नाही. तो खिशातून करावा लागतो, पण हॉस्पिटलच्या एका दिवसाच्या बिलापुढे तो नगण्य आहे. तरीही फ्लू झालाच, तर टॅमिफ्लूसारखी औषधे पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर जास्त गुण देतात. तेव्हा "दोन दिवस बघू" म्हणून थांबू नये.

सोबतीला बसायचे तर रजा हवी. १९९३ च्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अ‍ॅक्टप्रमाणे वर्षात १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळते आणि नोकरी राखली जाते. अटी अशा की कामाच्या ठिकाणापासून ७५ मैलांत मालकाची ५० माणसे कामाला असावीत, आपल्याला तिथे १२ महिने झालेले असावेत, आणि गेल्या वर्षभरात १,२५० तास काम केलेले असावे. पती-पत्नी, मूल आणि आईवडील यांच्या गंभीर आजारासाठी ही रजा आहे. सासू-सासरे तिच्यात बसत नाहीत. आपल्या घरांतून सासूबाईंची शुश्रूषा बहुधा सूनच करते, म्हणून हे आधी माहीत असलेले बरे. न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया या राज्यांच्या स्वतःच्या कायद्यांत सासू-सासऱ्यांचाही समावेश आहे. जिथे असा कायदा नाही, तिथे ही रजा मुलाने घ्यावी लागेल.

बाहेर राहून काय करता येईल?

ज्यांना आत जाता येत नाही त्यांच्याकडे कामे कमी नाहीत. रुग्णाला हॉस्पिटलचे जेवण असते, आणि त्याला मीठ, साखर किंवा पोटॅशियमचे पथ्य असू शकते. लोणचे-पापडाचा डबा विचारल्याशिवाय वर पाठवू नये. पण सोबतीला बसलेला माणूस कॅफेटेरियाच्या सँडविचवर दिवस काढत असतो. खरा डबा त्याला हवा असतो. पोळी-भाजी, दहीभात आणि थर्मासमध्ये चहा खाली दारापाशी नेऊन दिला, तर ती मोठी मदत होते. मुलांना शाळेतून आणणे, दारातला बर्फ काढणे, कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवणे, आजोबांना त्यांच्या डॉक्टरांकडे नेणे ही कामे मंडळींनी वाटून घ्यावीत.

आणि काका? त्यांच्याकडे फोनचे खाते द्यावे. वॉर्डात दिवसातून एकदाच आणि एकानेच फोन करावा. बऱ्याच ठिकाणी सकाळी व संध्याकाळी सातच्या सुमारास नर्सेसची पाळी बदलते, ती वेळ टाळावी. मग काकांनी सगळ्यांना बातमी द्यावी. हिवाळ्यात न्यू यॉर्कच्या घड्याळापेक्षा भारताचे घड्याळ साडेदहा तास पुढे असते. इथे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात, चहाची वेळ. घरातील वडीलधाऱ्या माणसाने रोज त्या वेळी तिकडे फोन केला, तर पुण्या-मुंबईचे वीस फोन वाचतात आणि त्यांचा मानही राहतो.

फ्रिजवर लावण्यासाठी

१. निघण्यापूर्वी हॉस्पिटलला फोन करून आजचा नियम विचारा. तो आठवड्यात बदलू शकतो.
२. स्वतःला किंवा घरात कुणाला ताप, खोकला, उलट्या असतील तर जाऊ नका.
३. सोबतीचा एक माणूस, एक बदली. दोन्ही नावे आधी ठरवा.
४. औषधांची यादी, प्रॉक्सीचा कागद आणि इन्शुरन्सचे कार्ड एका पाकिटात ठेवा.
५. "मराठी दुभाषा" आणि माहिती द्यायच्या माणसांची नावे पहिल्याच दिवशी नोंदवा.
६. आत जाताना आणि बाहेर पडताना हात धुवा. साबणाने २० सेकंद. उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा जेल फारसा चालत नाही, तिथे साबण-पाणीच हवे.
७. पलंगावर बसू नका. पर्स, कोट पलंगावर ठेवू नका.
८. अपवाद हवा असेल तर शांतपणे, वेळेवर आणि योग्य माणसाकडे मागा.

नियमांचा तपशील प्रत्येक हॉस्पिटलात आणि राज्यात वेगळा असतो, आणि आजाराबाबत अखेरचा शब्द आपल्या डॉक्टरांचा. या थंडीत कुणालाच हॉस्पिटलची पायरी चढावी लागू नये, हीच सदिच्छा. पण वेळ आलीच, तर भेटायला कोण आले याचा हिशोब कुणी ठेवू नये. रुग्णापाशी योग्य माणूस बसला आहे ना, एवढे पाहावे, आणि बाकीच्यांनी त्या माणसाच्या घरची चूल सांभाळावी.